गुरुवारचा उपवास, खिचडीची प्लेट आणि शुगर: संशोधन नेमकं काय सांगतं?

शिर्डीत गुरुवार म्हणजे गर्दीचा वार. रात्री द्वारकामाईतून चावडीकडे पालखी निघते आणि तिच्यासाठी सकाळपासूनच लोक गावात दाखल होऊ लागतात. दर्शनरांगेतल्या बऱ्याच जणांचा त्या दिवशी उपवास असतो. कुणाचा नेहमीचा गुरुवार, कुणाच्या नऊ गुरुवारच्या व्रतातला चौथा किंवा सातवा. दर्शन झालं की पावलं खाण्याच्या दुकानांकडे वळतात. तिथे साबुदाणा वडा, खिचडी, बटाट्याचा चिवडा, उपवासाची मिसळ असं सगळं मिळतं. आषाढी एकादशी आणि महाशिवरात्रीला तर साईप्रसादालयातही नेहमीच्या पोळी-भाजीऐवजी साबुदाण्याची खिचडी आणि शेंगदाण्याचं झिरकं असतं.

आता मोबाईलकडे वळा. गेल्या काही वर्षांत फॅमिली ग्रुपवर एक मेसेज फिरून फिरून येतोय. जपानच्या शास्त्रज्ञाला म्हणे उपवासावरच्या संशोधनासाठी नोबेल मिळालं, आपल्या पूर्वजांना हे हजारो वर्षांपूर्वी ठाऊक होतं, उपवासाने शरीर स्वतःची साफसफाई करतं, शुगर जाते, कॅन्सरही जातो. खाली हात जोडल्याचे इमोजी. पाठवणाऱ्या काकांना स्वतःला डायबेटिस असतो आणि त्या दिवशी त्यांनी गोळी घेतली की नाही, हे मेसेजमध्ये लिहिलेलं नसतं.

यातलं खरं काय? उपवास शरीरासाठी चांगला असेल, तर आपण जो करतो तो उपवास त्यात बसतो का?

नोबेल मिळालं होतं, पण कशासाठी?

योशिनोरी ओसुमी यांना २०१६ मध्ये वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं, हे खरं. विषय होता ऑटोफॅजी, म्हणजे पेशी स्वतःतलेच जुने, खराब झालेले भाग मोडून पुन्हा वापरते ती प्रक्रिया. ओसुमी यांनी १९९० च्या दशकात हे काम केलं ते यीस्टवर. हो, ब्रेड फुगवायला वापरतात तेच यीस्ट. पोषणद्रव्यं काढून घेतल्यावर यीस्टच्या पेशीत काय घडतं ते त्यांनी मायक्रोस्कोपखाली पाहिलं आणि ही प्रक्रिया चालवणारे जीन शोधून काढले.

काम मोठंच आहे. पण एकादशी केल्याने माणसाच्या शरीरात किती तासांनी ऑटोफॅजी सुरू होते आणि त्यातून कोणता आजार टळतो, हे त्यातून सिद्ध झालेलं नाही. यीस्टच्या पेशीपासून फॅमिली ग्रुपपर्यंतचं अंतर मेसेजने एका उडीत पार केलं, एवढाच त्याचा अर्थ.

माणसांवर झालेले प्रयोग काय म्हणतात?

माणसांवर प्रयोग झालेत आणि भरपूर झालेत. फक्त त्यांचे निकाल फॉरवर्डसारखे चकचकीत नाहीत.

इंटरमिटंट फास्टिंगचा सगळ्यात लोकप्रिय प्रकार १६:८. आठ तासांच्या आत काय ते खायचं, उरलेले सोळा तास काही नाही. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या संशोधकांनी २०२० मध्ये ११६ जणांवर बारा आठवडे हा प्रयोग केला. एका गटाने फक्त दुपारी १२ ते रात्री ८ या वेळेत खाल्लं, दुसऱ्याने दिवसातून नेहमीसारखं तीन वेळा. दोन्ही गटांच्या वजनघटीत दखल घेण्याजोगा फरक निघाला नाही. चीनमधल्या ग्वांगझोऊ इथे १३९ जणांवर वर्षभर प्रयोग झाला आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे दोन्ही गटांनी कॅलरी सारख्याच कमी केल्या, एका गटाला वरून वेळेचंही बंधन होतं. वेळ पाळणाऱ्यांचं वजन सरासरी ८ किलोने घटलं, न पाळणाऱ्यांचं ६.३ किलोने. संख्याशास्त्राच्या हिशेबात हा फरक ठोस मानता येत नाही. म्हणजे काम केलं ते कमी खाण्याने, घड्याळाने नव्हे.

२०२५ मध्ये बीएमजे या वैद्यकीय नियतकालिकात ९९ प्रयोगांचा आणि साडेसहा हजारांवर लोकांचा एकत्रित आढावा आला. त्याचा सूरही असाच आहे. उपवासाच्या पद्धतींनी वजन घटतं, पण रोज थोडं कमी खाऊनही जवळपास तेवढंच घटतं. एक दिवसाआड उपवासाला त्यात किंचित वरचा नंबर मिळाला.

डायबेटिसच्या बाबतीत सगळ्यात लक्षवेधी प्रयोग २०२४ मध्ये चीनमधूनच आला. नव्याने टाइप २ डायबेटिस झालेले ४०५ जण, तीन गट. दोन गटांना औषधं, तिसऱ्याला ५:२ चा आहार, म्हणजे आठवड्यातले पाच दिवस नेहमीचं जेवण आणि दोन दिवस अगदी मोजकं. सोळा आठवड्यांनी एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या शुगरचा अंदाज देणारा आकडा, आहाराच्या गटात १.९ ने उतरला. मेटफॉर्मिनच्या गटात तो १.६ ने आणि एम्पाग्लिफ्लोझिनच्या गटात १.५ ने उतरला होता.

इथेच मराठी वाचकाला वाटेल, बघा, आमचा गुरुवार आणि एकादशी! थोडं थांबा. त्या दोन दिवसांत चिनी रुग्णांना मिळत होती स्त्रियांना ५०० आणि पुरुषांना ६०० कॅलरी. दिवसभरात. तीही मोजून दिलेल्या तयार आहारातून, डॉक्टरांच्या देखरेखीखाली. आणि सगळे रुग्ण सुरुवातीच्या टप्प्यातले होते.

आता आपली प्लेट मोजू

खिचडीची एक मध्यम प्लेट घेऊ. भिजवण्याआधीचा साबुदाणा ६० ग्रॅम, शेंगदाण्याचं कूट २५ ग्रॅम, अर्धा लहान बटाटा, तूप एक मोठा चमचा, म्हणजे १५ ग्रॅम. हात थोडा सैल असलेल्या घरात यापेक्षा जास्तच पडतं, पण कमी धरू.

साबुदाण्याच्या साधारण २१० कॅलरी, कुटाच्या १४०, तुपाच्या १३५, बटाट्याच्या ४५-५०. बेरीज जाते ५३० च्या आसपास. चिनी प्रयोगातल्या बाईचा अख्ख्या दिवसाचा कोटा एका प्लेटमध्ये संपला. त्यानंतर संध्याकाळची भगर-आमटी, मध्ये दोन चहा, एखादं केळं, रताळ्याचा कीस आणि वेफर्सचं पाकीट अजून बाकीच आहे. 'एकादशी आणि दुप्पट खाशी' ही म्हण कुठल्या आहारतज्ज्ञाने केलेली नाही, घरोघरच्या अनुभवातून आलीय.

कॅलरीपेक्षाही मोठा मुद्दा त्या प्लेटमध्ये काय आहे हा. या हिशेबात कर्बोदकं जवळपास ७० ग्रॅम होतात आणि प्रथिनं सातेक ग्रॅम. त्यातलीही जवळपास सगळी शेंगदाण्याने दिलेली. साबुदाण्याचं स्वतःचं योगदान बघायचं तर १०० ग्रॅममध्ये ८७ ग्रॅम कर्बोदकं आणि प्रथिनं ०.२ ग्रॅम. शून्याला जरा लाज वाटू नये म्हणून पुढे लावलेला आकडा.

असं का, हे साबुदाणा बनतो कसा ते पाहिलं की कळतं. तो दाणा नाही, बी नाही, धान्य तर नाहीच. कसावा नावाच्या कंदाचा तो स्टार्च आहे. कंद धुऊन, सोलून, किसून त्याचा दुधासारखा पांढरा चोथापाणी काढतात, तो गाळून खाली बसलेला स्टार्च घेतात, हलवून हलवून त्याच्या गोळ्या करतात, भाजतात, वाळवतात. कंदात जो काही तंतू आणि बाकीचं सत्त्व होतं ते या प्रवासात मागे राहतं. उरतो निव्वळ स्टार्च, ज्याची पोटात गेल्यावर भराभर साखर होते. खिचडीत कूट आणि तूप असल्याने हा वेग थोडा मंदावतो, खिरीत तर तेवढाही आधार नसतो.

आणि हा कंद इथला नाहीच. कसावा मूळचा दक्षिण अमेरिकेतला. पोर्तुगीजांबरोबर तो भारताच्या किनाऱ्यावर आला, एकोणिसाव्या शतकात त्रावणकोरच्या विशाखम तिरुनाळ महाराजांनी त्याच्या लागवडीला उत्तेजन दिलं. दुसऱ्या महायुद्धात आग्नेय आशियातून येणारा ताडाचा साबुदाणा बंद झाला, तेव्हा तमिळनाडूतल्या सेलममध्ये कसाव्यापासून साबुदाणा करण्याचा उद्योग वाढला. आजही तुमच्या किराणा दुकानातला साबुदाणा बहुधा तिथूनच येतो. बटाटा, रताळं, शेंगदाणा, मिरची हेही सगळे अमेरिका खंडातून आलेले पाहुणे. आजच्या उपवासाच्या ताटातलं बरंचसं पाचशे वर्षांपूर्वीच्या महाराष्ट्रात कुणी पाहिलेलंही नव्हतं. 'पूर्वजांना हजारो वर्षांपूर्वी ठाऊक होतं' या वाक्याचं काय करायचं ते ज्याचं त्याने ठरवावं.

६२ टक्क्यांचं कोडं

पण आठवड्यातून एका प्लेटने असं काय बिघडतं? प्रश्न रास्त आहे. एका प्लेटने फारसं बिघडत नाही. अडचण ही की उरलेले सहा दिवसही ताट तसंच असतं.

मद्रास डायबेटिस रिसर्च फाउंडेशन आणि आयसीएमआर यांचा 'इंडियाब' हा देशातला मधुमेहावरचा सर्वांत मोठा पाहणी प्रकल्प. त्याच्या २०२३ च्या आकडेवारीनुसार देशात १०.१ कोटी लोकांना डायबेटिस आहे आणि १३.६ कोटी प्रीडायबेटिसमध्ये, म्हणजे उंबरठ्यावर आहेत. याच प्रकल्पाचा आहारावरचा भाग २०२५ मध्ये 'नेचर मेडिसिन'मध्ये आला. सर्व राज्यांतले १,२१,०७७ प्रौढ, त्यातल्या १८,०९० जणांच्या खाण्याची तपशीलवार नोंद.

निष्कर्ष सरळ आहे. सरासरी भारतीय माणसाच्या एकूण ऊर्जेतली ६२ टक्के ऊर्जा कर्बोदकांतून येते, प्रथिनांतून जेमतेम १२ टक्के. सर्वांत जास्त कर्बोदकं खाणाऱ्या गटात सर्वांत कमी खाणाऱ्यांच्या तुलनेत नव्याने निदान झालेल्या डायबेटिसची शक्यता ३० टक्क्यांनी जास्त दिसली.

यात उपवासवाल्यांसाठी महत्त्वाची एक ओळ आहे, जिच्याकडे बातम्यांमध्ये फार कुणी पाहिलं नाही. पांढऱ्या तांदळाऐवजी दळलेला गहू किंवा दळलेली भरडधान्यं खाल्ली, पण कर्बोदकांचं एकूण प्रमाण तेवढंच ठेवलं, तर धोका कमी झालेला दिसला नाही. गुरुवारी आपण नेमकं हेच करतो. पोळी-भात बंद आणि त्याजागी साबुदाणा, भगर, शिंगाड्याचं पीठ, बटाटा. एक स्टार्च उतरवून दुसरा चढवतो. वर ताटातलं एकमेव हक्काचं प्रथिन, म्हणजे वरण आणि उसळ, उपवासाला चालत नाही म्हणून तेही काढून टाकतो. फरक पडला तो कुठे? कर्बोदकांतली पाच टक्के ऊर्जा काढून तेवढीच डाळी-कडधान्यांसारख्या वनस्पतीजन्य किंवा दुधाच्या प्रथिनांतून घेतली, तिथे डायबेटिस आणि प्रीडायबेटिसची शक्यता कमी दिसली.

अशा पाहणीची मर्यादाही सांगायला हवी. लोकांनी आठवून सांगितलेल्या खाण्यावर ती उभी आहे आणि एका वेळचं चित्र दाखवते. अमुक खाल्ल्यामुळेच तमुक झालं, असं ती छातीठोकपणे म्हणू शकत नाही. नेमका याच कारणासाठी उलट बाजूच्या बातम्याही सावधपणे वाचाव्यात. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या एका परिषदेत आठ तासांच्या आत खाणाऱ्यांमध्ये हृदयविकाराने मृत्यूचा धोका ९१ टक्के जास्त असल्याचं मांडलं गेलं आणि 'फास्टिंगमुळे हार्ट अटॅक' असे मथळे झळकले. त्या अभ्यासात लोकांनी फक्त दोन दिवसांचं खाणं सांगितलं होतं.

'मी तर बारीक आहे'

हे वाक्य महाराष्ट्रात तरी जपून म्हणावं, कारण त्याला सगळ्यात मोठा धक्का पुण्यातूनच बसलाय. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या गावांत गरोदर स्त्रिया आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास सुरू केला. तिथल्या बाळांचं जन्मतः वजन सरासरी २.७ किलो, तर इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. आपली बाळं हडकुळी, पण मोजमाप केल्यावर दिसलं की स्नायू कमी आहेत, चरबी मात्र फारशी कमी नाही. यालाच 'थिन-फॅट' म्हणजे दिसायला बारीक पण आतून चरबीयुक्त शरीर म्हटलं गेलं.

याज्ञिक यांनी नंतर ब्रिटनमधले सहकारी जॉन युडकिन यांच्यासोबत स्वतःचाच फोटो 'लॅन्सेट'मध्ये छापला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. वजनकाट्यावर दोघेही 'नॉर्मल'.

म्हणून परदेशातल्या फास्टिंगच्या प्रयोगातलं 'वजन इतकं घटलं' हे यश आपल्याला जसंच्या तसं लागू होत नाही. आपल्याकडे स्नायू आधीच कमी. प्रथिनं न घेता उपाशी राहण्यात चरबीबरोबर स्नायूही जातात आणि शरीरात साखर खर्च करणारा सगळ्यात मोठा गिऱ्हाईक स्नायूच आहे.

खरा धोका रांगेत उभा असतो

इथपर्यंतचं सगळं वर्षानुवर्षांचं गणित झालं. डायबेटिसची औषधं चालू असलेल्या माणसाचं गणित मात्र एका दिवसाचं, कधी कधी दोन तासांचं असतं.

पहाटे नाशिक किंवा पुण्याहून निघालेली साठीतली बाई. सकाळची गोळी नेहमीप्रमाणे घेतली, पोटात फक्त चहा, मग दर्शनरांग. किंवा मुंबईहून पदयात्रेत अडीचशेच्या आसपास किलोमीटर चालत येणारा पन्नाशीतला माणूस, वाटेत गुरुवार आला म्हणून उपवास. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड या गटातल्या गोळ्या किंवा इन्सुलिन तुम्ही जेवलात की नाही हे विचारत नाहीत, शुगर खाली आणतातच. ती ७० च्या खाली गेली की घाम, थरथर, धडधड, डोळ्यांपुढे अंधारी, बोलण्यात गोंधळ. गर्दीत हे 'उन्हाने चक्कर आली' म्हणून निघून जातं, आणि वेळ जातो.

दुसरी टोकाची चूक घरात होते. उपवास आहे म्हणून गोळीच घ्यायची नाही आणि दुपारी खिचडी, वडा, रताळं पोटभर. संध्याकाळी शुगर तीनशेच्या घरात. दोन्ही माणसं म्हणतात, एका दिवसाने काय होतंय.

काय होतं याचा मोठा अभ्यास रमजानच्या रोज्यांवर झालाय. १३ देशांतल्या बारा हजारांवर मधुमेही मुस्लिमांच्या 'एपिडायर' या पाहणीत रोज्यांच्या महिन्यात टाइप २ च्या रुग्णांमध्ये गंभीररीत्या शुगर घसरण्याचं प्रमाण साडेसात पट झालेलं आढळलं. त्यानंतर आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने डॉक्टरांसाठी नियमावली केली. रमजानच्या सहा-आठ आठवडे आधी तपासणी, कुणी रोजे ठेवावेत, कुणी टाळावेत, कोणती गोळी कधी. भारतातल्या मधुमेहतज्ज्ञांनी नवरात्र, करवा चौथ अशा उपवासांबद्दलही मार्गदर्शन लिहिलंय. पण गुरुवार सुरू करण्याआधी डॉक्टरला विचारायला जाणारा माणूस आपल्याकडे विरळाच. डॉक्टर रागावतील म्हणून सांगायचंच नाही, ही पद्धत.

विचारायचं काय, तेही फार अवघड नाही. माझ्या गोळ्यांपैकी रिकाम्या पोटी शुगर पाडणारी कोणती? त्या दिवशी ती कमी करायची की वेळ बदलायची? मेटफॉर्मिन किंवा ग्लिप्टिन गटातली गोळी एकटी असेल तर शुगर धोकादायक पातळीवर घसरण्याची शक्यता कमी असते. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन घेणाऱ्यांनी मात्र निर्जळी उपवास अजिबात करू नये, कारण शरीरातलं पाणी आणि रक्तातली आम्लता दोन्ही बिघडू शकतात. गरोदर स्त्रिया, इन्सुलिनवर असलेले, किडनीचा त्रास असलेले आणि ज्यांची शुगर अलीकडेच अचानक घसरली होती, त्यांना बहुतेक डॉक्टर उपवास करू नका असंच सांगतील.

आणि रांगेत कुणाला असं झालंच तर? माणूस शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यात घालून किंवा ग्लुकोज द्यायचं, पंधरा मिनिटं थांबून पुन्हा बघायचं. हाताशी प्रसादाचा लाडू किंवा पेढा असतो, पण त्यातलं तूप-खव्यामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. आधी साखरपाणी, लाडू नंतर. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, थेट रुग्णालय.

साईबाबांचं काय म्हणणं होतं?

घरातल्या मोठ्यांशी हा विषय काढला की शेवटचं वाक्य ठरलेलं. 'देवाचं आहे, त्यात डॉक्टर नको.' शिर्डीच्या बाबतीत या वाक्याला उत्तर शिर्डीच्याच पोथीत आहे.

गोविंद रघुनाथ दाभोलकर, म्हणजे हेमाडपंत, यांनी ओवीबद्ध लिहिलेल्या 'साईसच्चरिता'च्या ३२ व्या अध्यायात उपवासाचा विषय आलाय. साईबाबा स्वतः उपवास करत नसत आणि दुसऱ्यालाही करू देत नसत, असं हेमाडपंत नोंदवतात. त्यात गोखले नावाच्या बाईंची गोष्ट आहे. बाबांच्या पायाशी बसून तीन दिवस उपवास करायचा असा निश्चय करून त्या शिर्डीला आल्या. दिवस शिमग्याचे होते. बाबांनी त्यांना उपाशी बसू दिलं नाही. दादा केळकरांच्या घरी जा, पुरणपोळ्या करा, त्यांच्या मुलाबाळांना वाढा आणि स्वतःही जेवा, असं सांगून पाठवलं. केळकरांच्या घरी त्या दिवशी स्वयंपाकाला कुणी नव्हतं, त्यामुळे घराचीही सोय झाली. पुरण म्हणजे हरभऱ्याची डाळ, एवढं आहाराच्या चर्चेत नोंदवून ठेवायला हरकत नाही.

नऊ गुरुवारच्या व्रताची जी पुस्तिका सर्रास विकली जाते, तिच्या नियमांतही फलाहार किंवा एक वेळ जेवण घेऊन व्रत करावं, दिवसभर पूर्ण उपाशी राहू नये असंच आहे. म्हणजे निर्जळी गुरुवार ना पोथी मागते, ना पुस्तिका. ती भर आपली आपण घातलेली.

मग ताटात काय?

उपवास सोडा असं कुणी म्हणत नाही आणि म्हटलं तरी कुणी ऐकणार नाही. उपवासाच्या चौकटीतच जागा आहे. दही, ताक, दूध, पनीर, शेंगदाणे चालतात, प्रथिनांचा भार त्यांच्यावर टाकता येतो. राजगिऱ्यात १०० ग्रॅममागे साधारण १४ ग्रॅम प्रथिनं असतात, साबुदाण्याशी त्याची तुलनाच नको. पण राजगिऱ्याची भाकरी किंवा लाह्या-दूध, गुळाच्या पाकातला लाडू नव्हे. काकडीची कोशिंबीर दाण्याचं कूट घालून, भोपळ्याचं भरीत दह्यातलं, सुरणाची भाजी. फळ हवंच असेल तर राहाता तालुक्यात पेरूंची कमतरता नाही, केळं आणि चिकूपेक्षा शुगरवाल्यांना तो केव्हाही बरा. खिचडी खायचीच असेल तर साबुदाणा निम्मा, कूट दुप्पट, बाजूला वाटीभर दही. चवीला वाईट लागत नाही. पाकीटबंद उपवासाचा चिवडा आणि वेफर्स हे मिठाचं आणि तेलाचं प्रकरण आहे, बीपीच्या गोळ्या चालू असतील तर त्याकडे बघूही नये.

भगर घेताना वेगळी काळजी. अकोले तालुक्यातल्या डोंगराळ भागातले शेतकरी वरई पिकवतात, धान्य म्हणून ती उत्तमच. पण ओल लागलेल्या भगरीवर बुरशी धरते आणि तिच्यातून विषबाधा होते. फेब्रुवारी २०२४ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार तालुक्यात एकादशीच्या प्रसादातून शेकडो जणांना त्रास झाला, रस्त्याच्या कडेला झाडांना दोऱ्या बांधून सलाईन लावावी लागली. अन्न व औषध प्रशासन दर नवरात्र-महाशिवरात्रीला तेच बजावतं: सुटी भगर आणि सुटं पीठ घेऊ नका, पाकिटावरची तारीख बघा, दळून फार दिवस ठेवू नका. भगर घरी आणल्यावर निवडून, धुऊन, गरजेपुरतीच शिजवायची.

आणि घरात ग्लुकोमीटर असेल तर कुठल्याही लेखापेक्षा तो जास्त नेमकं सांगेल. या गुरुवारी नेहमीची खिचडी खा आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी शुगर बघून कॅलेंडरवर लिहून ठेवा. पुढच्या गुरुवारी त्याच वेळी राजगिऱ्याची भाकरी, दही आणि काकडी, दोन तासांनी पुन्हा आकडा. गोळ्या दोन्ही दिवशी डॉक्टरांनी सांगितल्या तशाच. डॉक्टरांकडे जाताना ते कॅलेंडरचं पान सोबत न्या, आणि फॅमिली ग्रुपवरच्या काकांनाही त्याचा फोटो पाठवा.